डब्याच्या तळाचं भोक

इंजिनाला उंचावरून हवा मिळावी म्हणून मी सांडपाण्याचा पाइप कापून गाडीच्या टपापर्यंत नळकांडं चढवलं होतं, एकटीनं! उद्या नदीपलीकडच्या कॅथरीन गावातल्या गॅरेजात शिकाऊ मेकॅनिकच्या एकुलत्या एका जागेसाठी मुलाखत होती. वाटेत नदी फुगलेली, आणि दुसरा रस्ता नव्हता.

"टॅम, सगळे सांधे बुजवलेस ना?" डॅडनं विचारलं.

"तुझ्या बोटीपेक्षा माझी गाडी बरी!"

"माझी बोट बुडालीय, बये."

"म्हणूनच म्हणते!"

हसतच आम्ही पाण्यात उतरलो. मध्यावर पाणी बॉनेटला लागलं. नळकांड्याचं तोंड ऐटीत वर होतं, तरी इंजिन खाडकन वाजून बंद पडलं.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे ओढून काढलं. डॅडनं एअर फिल्टरचा डबा उघडला, तर तो पाण्यानं भरलेला. डब्याच्या तळाला एक बारीक भोक असतं. आत शिरलेली धूळ गळून पडावी म्हणून आमच्या धुळीच्या मुलखात ते कुणीच बुजवत नाही. मी तर ते आदल्या दिवशी तारेनं कौतुकानं साफ केलं होतं.

"इंजिन पाणी प्यायलं. संपलं ते," डॅड म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात जाऊ?"

"आता पावसाळा सरेपर्यंत, ईस्टरपर्यंत नदी उतरत नाही, टॅम."

मी गॅरेजात फोन केला. तिथली बाई गोड बोलली. जागेसाठी दुसरा मुलगा होताच म्हणाली.

"नळकांडं मात्र थेंबभरही गळलं नाही हं," मी सांगितलं.

"हो का? छान," म्हणून तिनं फोन ठेवला.