संध्याकाळी परत द्यायचे बूट

“आज सगळ्यांनी बूट घालायचे,” पोत्यातून गमबुटांचे जोड फरशीवर ओतत सर्जेराव म्हणाला, “आन् संध्याकाळी हितंच आणून टाकायचे. घरी न्यायचे न्हाईत.”

बारामतीजवळच्या त्या दूध कारखान्यात ताईबाई चौदा वर्षं क्रेट धूत होती. काटेवाडीहून सकाळी रिक्षाने यायची ती थेट धुण्याच्या मशीनवर. गरम पाणी, त्यात कॉस्टिक सोडा, आणि पायात स्लिपर. बोटांच्या बेचक्यातली कातडी कायम सोललेली. घरी गेल्यावर ती खोबरेल लावायची. सकाळी पुन्हा तेच पाणी. कायम कामगारांना कंपनीचे बूट होते. ताईबाई आणि तिच्या सोबतच्या बायका ठेकेदाराकडच्या होत्या, आणि सर्जेराव त्या ठेकेदाराचा मुकादम. या बायकांसाठी बूट वर्षातून एकदाच निघायचे, सरकारी तपासणीच्या दिवशी.

अकरा वाजता अधिकारी आले. शेजारी मॅनेजरसाहेब. अधिकारी नेमके ताईबाईपुढे थांबले.

“मावशी, बूट रोज देतात का?”

मॅनेजर तिच्याकडे बघत होते. सर्जेराव जमिनीकडे.

“व्हय साहेब. रोज.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले.

जेवणाच्या सुट्टीत ताईबाईने बूट काढले आणि बराच वेळ स्वतःचे पाय बघत बसली.

“कोरडं हायत गं,” ती शेजारच्या रशीदाला म्हणाली.

“आजच्यापुरतं,” रशीदा म्हणाली. “जेव आता.”

पण ताईबाई डबा तसाच झाकून उठली.

संध्याकाळी पाळी सुटली तशी बायका बूट काढून पोत्यात टाकू लागल्या. ताईबाई पोत्यापुढे आली आणि नुसतीच उभी राहिली.

“मावशी, बूट,” सर्जेराव म्हणाला.

“न्हाय देत.”

“आं?”

“मी त्या साहेबाला सांगितलं, रोज देतात. तुमी हुबं होता, मॅनेजरसाहेब हुबं होतं. त्यांनी लिवून घेतलं. उद्या मी स्लिपर घालून आले तर खोटी कोण ठरली? मीच न्हवं?”

“ते तसं बोलायचं असतंय, मावशी.”

“तुमाला आसंल. मी तुमच्यासाठी खोटं बोलले. आता ते खरं करा.”

सर्जेरावने आवाज खाली आणला. “ठेकेदार माझं बी काम घालवंल.”

“ठावं हाय. तुमच्यावर राग न्हाय माझा. मॅनेजरसाहेबांना बोलवा.”

रशीदाचा एक बूट काढून झाला होता. तिने तो पुन्हा पायात घातला आणि मशीनच्या पायरीवर बसली. पोत्यात गेलेले बूट एकेक करून बाहेर निघाले. दुसऱ्या पाळीच्या बायका स्लिपर घालून आल्या, काय चाललंय ते ऐकलं, आणि त्याही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मळक्या क्रेटची थप्पी वाढत चालली.

मॅनेजरसाहेब आले. त्यांनी आवाज चढवला नाही. “ज्यांना जमत नाही त्यांनी उद्यापासून येऊ नका. गेटबाहेर बायकांची रांग आहे.”

ते खरंच होतं. पहिल्या पाळीतली सारजा उठली. तिने बूट काढून नीट पोत्यात ठेवले. “मला झेपायचं न्हाय, ताईबाई,” एवढं म्हणून ती गेली. तिला कुणी अडवलं नाही.

“इकबाल, मशीन चालू कर,” साहेब म्हणाले.

इकबाल मशीनचा मेकॅनिक. कायम कामगार, त्यांचं कँटीन वेगळं, चहा वेगळा. इतक्या वर्षांत या बायकांशी त्याचं कामापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्याने बायकांच्या पायांकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“साहेब, ओल्या फरशीवर बुटाशिवाय माणूस आसंल तर मशीन चालवायची न्हाय, ही पाटी तुमीच लावलीया.”

“ती आपल्या लोकांसाठी आहे.”

“आपलं-परकं त्यात लिवलेलं न्हाय,” इकबाल म्हणाला आणि हातातला पाना खाली ठेवला. पलीकडून कायम कामगारांतले चार-पाच जण येऊन त्याच्यामागे थांबले.

बाहेर टेम्पो क्रेटची वाट बघत हॉर्न देत होते. दूध थांबत नाही, हे मॅनेजरसाहेबांइतकं तिथे कुणाला माहीत नव्हतं. ते बाजूला जाऊन फोनवर बोलले, बराच वेळ बोलले. परत येऊन म्हणाले, “राहू द्या बूट. दुसऱ्या पाळीचेही उद्या येतील.”

“तेवढं लिवून द्या,” ताईबाई म्हणाली.

रशीदाने कागद लिहिला. साहेबांनी सही केली. मग पहिल्या पाळीच्या बायकांनी बूट काढले आणि दुसऱ्या पाळीच्या बायकांना त्या रात्रीपुरते घालायला दिले. मशीन सुरू झाली.

आठवड्याने ताईबाईला धुण्याच्या कामावरून काढून गेटजवळ झाडायला लावलं. हे सांगताना सर्जेरावला तिच्याकडे बघवेना. तिने खराटा घेतला. आत वाफेत चालणाऱ्या गप्पांची तिला आठवण यायची. सारजा येता-जाता मान खाली घालायची. तिच्या पायात बूट असायचे, आणि ते बघून ताईबाईला बरं वाटायचं.

एके सकाळी लासुर्ण्याची एक बाई नव्याने कामावर आली. हातात गमबुटांचा नवा जोड धरून गेटपाशी घोटाळत होती.

“मावशी, हे परत कधी द्यायचं असत्यात?”

“फाटल्यावर,” ताईबाई म्हणाली, आणि तिला वाट द्यायला खराटा बाजूला घेतला.