सात आठवडे अडकलेले निळे तिकीट

मित्रांनो, माझ्या अंगावर माझ्या देशाचे नाव नाही. राणीचा चेहरा आहे, दातेरी कडा आहेत आणि कोपऱ्यात किंमत आहे, एक शिलिंग सहा पेन्स. मी एक जुने ब्रिटिश टपाल तिकीट आहे. रंगाने निळा. राहतो मात्र अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी, उत्तराआजींच्या कपाटात.

नाव नसणे ही आमच्या घराण्याची ऐट. १८४० साली चिकटवायचे पहिले टपाल तिकीट इंग्लंडने काढले. एका पेनीचा तो आमचा काळा पूर्वज. त्याच्याआधी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला मोजावे लागत. नसले तर दारात आलेले पत्र परत जाई. तिकीट आले आणि देशात कुठूनही कुठेही पत्र एका पेनीत जाऊ लागले. तेव्हा दुसऱ्या कुणाकडे असे तिकीटच नव्हते, मग नाव कशासाठी लिहायचे? ती रीत पुढेही चालू राहिली.

माझा जन्म बराच नंतरचा. छापखान्यातून मी भावंडांसह कागदाच्या एका मोठ्या तावात बाहेर पडलो. पाठीवर डिंकाचा गुळगुळीत थर होता. तिथून मी लीड्स शहरातल्या एका टपाल कचेरीत आलो. माझी किंमत विमानाने हिंदुस्थानात जाणाऱ्या पत्राची होती. त्यामुळे मी आपल्याच तोऱ्यात असे. इतर तिकिटे शेजारच्या गावात जाणार आणि मी समुद्रापलीकडे!

१९ जानेवारी १९७१. मंगळवार होता. एक सावळा, सडपातळ तरुण ओल्या कोटानिशी खिडकीशी आला. तो डॉक्टर गुरुदत्त साबडे, अमरावतीचा, लीड्सच्या इस्पितळात नोकरीला. त्याने मला जिभेने ओले केले आणि लिफाफ्यावर इतक्या जोराने दाबले की माझी एक कड किंचित मुडपली. लिफाफ्यावर त्याच्या वडिलांचे नाव होते. आतला मजकूर माझ्या पाठीशीच होता, म्हणून तो मला पाठ आहे.

'ती. आप्पांस साष्टांग नमस्कार. उत्तरेचे लग्न दोन वर्षे थांबवावे. तिला एमएस्सी पुरे करू द्यावे. आपल्या घरात ती सर्वांत हुशार आहे, माझ्याहूनही. मी कधी आपला शब्द मोडला नाही. हे पहिलेच मागणे आहे.'

उत्तरा ही त्याची वीस वर्षांची बहीण. नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिचे लग्न फेब्रुवारीच्या अखेरीस ठरले होते आणि तिने दादाला कळवले होते, 'आप्पा फक्त तुझे ऐकतील. तू लिही.'

त्याने लिहिले. माझ्यावर गोल शिक्का बसला, अर्धा माझ्या अंगावर, अर्धा लिफाफ्यावर. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या देशातल्या टपाल कामगारांनी संप पुकारला.

मित्रांनो, तिकिटाचा जन्म जाण्यासाठी असतो. मी गेलो नाही. एका पोत्यात, अंधारात, हजारो पत्रांच्या दडपणाखाली सात आठवडे पडून राहिलो. त्याच काळात इंग्लंडने आपली नाणी बदलली. शिलिंग गेला. माझ्या कोपऱ्यातली किंमत पोत्यातच जुनी झाली. पण मला त्याचे दुःख नव्हते. माझ्या पाठीशी एका मुलीचे नशीब होते आणि मला हलता येत नव्हते.

अमरावतीच्या पोस्टमनने मला आप्पांच्या हाती दिले तेव्हा लिफाफ्याच्या पाठीवर पोचल्याचा शिक्का होता, २० मार्च. लग्न होऊन तीन आठवडे झाले होते.

आप्पांनी पत्र उभ्यानेच वाचले. मग बसून पुन्हा वाचले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी लिफाफ्याच्या मागच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले, 'आज मिळाले. उत्तरेस सांगणे.' आणि पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली मला ठेवून दिले.

त्यांनी तिला कधीच सांगितले नाही. ते त्यानंतर अकरा वर्षे जगले. पेटी उघडली की त्यांची बोटे माझ्यापर्यंत येत आणि मागे फिरत. भीती होती की लाज, ते मला कळले नाही.

पुढे आप्पा गेले, घर विकले गेले, पेटी त्यांच्या धाकट्या मुलाकडे, उत्तरेच्या भावाकडे गेली. त्याचा मुलगा प्रथमेश नोकरीसाठी अमेरिकेत आला, तेव्हा आजोबांची आठवण म्हणून त्याने पेटी सोबत आणली. मागच्या वर्षी तो दूर पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यू शहरात राहायला निघाला. पेटी उत्तराआत्याकडे ठेवताना म्हणाला, "आत्या, मूव्हिंगमध्ये हरवेल यार. तूच सांभाळ."

उत्तराआजी आता त्र्याहत्तर वर्षांच्या. यजमान वारले तेव्हापासून त्या लेकीकडे, मंजुषाकडे राहतात. नात स्वानंदी अकरा वर्षांची, तिला तिकिटे जमवायचा नाद. आणि गुरुदत्त? तोही इथेच, दहा मिनिटांवर, एडिसनमध्ये. इंग्लंडहून तो अमेरिकेत आला, मोठा डॉक्टर झाला, निवृत्त झाला. पण भावाबहिणीत काही उरले नव्हते. गणपतीत मंडळात भेट झाली की "बरा आहेस ना?" "बरा आहे." एवढेच. लग्नानंतर दोन वर्षांनी तो घरी आला होता. तेव्हा तिने विचारले होते, "दादा, का नाही लिहिलंस?" तो म्हणाला होता, "लिहिलं होतं. संप झाला." तिने आप्पांकडे पाहिले. आप्पा वर्तमानपत्र वाचत राहिले. तिला ती सबब वाटली.

एका शनिवारी दुपारी स्वानंदीने पेटी उघडली. कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेच्या वाडग्यात कोमट पाणी होते. त्यात काही तिकिटे आधीच कागदापासून सुटून तरंगत होती. माझ्या लिफाफ्याचा कोपरा चिमट्यात धरून ती म्हणाली, "आजी, धिस वन इज सो प्रिटी! हे भिजवू?"

"भिजव की," आजी मेथी निवडत म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलेही नाही.

पाण्याची ऊब मला लागत होती. मी भिजलो असतो, तर शिक्क्याचे दोन तुकडे झाले असते आणि पेन्सिलीचे अक्षर ओल्या लगद्यात गेले असते. पण स्वानंदीचा हात थांबला.

"वेट. सर्कल हाफ स्टॅम्पवर आहे, हाफ एन्व्हलपवर. आमच्या क्लबमधले सर म्हणतात, आधी डेट वाचायची, मग सोक करायचं." तिने भिंग लावले. "लीड्स. नाइन्टीन जॅन्युअरी, सेव्हन्टी वन."

मेथीची काडी आजींच्या हातातच राहिली. "काय म्हणालीस? पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. मग लिफाफा उलटून म्हणाली, "मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. मराठी आहे. तुझं नाव आहे, आजी."

आजींनी आप्पांचे अक्षर ओळखले. आतले पत्र काढून वाचले. बराच वेळ मला अंगठ्याने नुसते चाचपत राहिल्या. मग मंजुषाला हाक मारली, "गाडी काढ. दादाकडे जायचंय."

"फोन करू का आधी?"

"नको. नुसती चल."

गुरुदत्तनेच दार उघडले. एक्क्याऐंशी वर्षांचा, काठीवर वाकलेला. आजी उंबऱ्यातच म्हणाल्या, "दादा, तू लिहिलं होतंस."

त्याने लिफाफा घेतला. चष्मा वर करून मला डोळ्यांजवळ नेले. "आप्पांकडे होतं हे?"

"होतं. आणि मी पन्नास वर्षं तुला खोटं ठरवलं. चुकलं माझं, दादा."

तो खुर्चीत बसला.

"उत्तरे, बस. एक ऐक. संप सुरू झाल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं. आमच्या वॉर्डातला एक डॉक्टर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला निघाला होता. त्यानं मला विचारलं होतं, घरी काही द्यायचंय का. मी नाही म्हटलं."

"का?"

"आप्पांपुढे बोलायला मला अठ्ठावीस वर्षं लागली होती. एकदा लिहिलं. पुन्हा लिहायचा धीर झाला नाही. पत्र अडकलंय म्हटल्यावर मला..." त्याने लिफाफा टेबलावर ठेवला. "मला थोडं बरं वाटलं. मी लिहिलंही होतं आणि आप्पांचा रागही टळला होता."

आजींचा चेहरा उतरला. "हे कशाला सांगितलंस? मी माफी मागायला आले होते."

"म्हणूनच सांगितलं. ती घेणं मला जमेना."

आजी उठल्या आणि बाहेर गेल्या. टेबलापाशी मी आणि तो, दोघेच उरलो. बाहेर थांबलेल्या मंजुषाने गाडी सुरू केल्याचा आवाज आला. गुरुदत्तने डोळे मिटून घेतले. मग गाडीचा आवाज बंद झाला आणि दार पुन्हा उघडले.

"माझा संसार चांगला झाला, दादा," आजी उभ्यानेच म्हणाल्या. "माणूस चांगला मिळाला, मंजू मिळाली. शिक्षण राहिलं त्याचं दुःख मी कधीच गिळलं. पण माझ्यासाठी कुणी बोललंच नाही, हे गिळता येत नव्हतं. एकदा तरी बोललास. भ्यालास, पण बोललास." आणि मग वळून, "चहा कुठे ठेवतोस?"

तेव्हापासून त्या दर बुधवारी त्याच्याकडे जातात. कधी दोघे आयसेलिनच्या देशी बाजारात जाऊन भाजी आणतात, कधी कडाडून भांडतात. परवा गुलबक्षी कुठल्या कुळातली यावरून भांडले. आजी बरोबर होत्या.

मित्रांनो, तिकिटे जमवत असाल तर पाण्यात टाकण्याआधी शिक्का वाचा, लिफाफ्याची पाठ बघा. आमच्यामागे माणसे असतात. आणि आणखी एक सांगतो, आमच्या घराण्याला कमीपणा आला तरी चालेल. लिहा, जरूर लिहा. पण जिवाचे काही सांगायचे असेल, तर ते पत्रावर टाकून मोकळे होऊ नका. पत्र पोचले का, ते विचारा. नसेल पोचले, तर पुन्हा लिहा. आम्ही अडकतो, मित्रांनो. तुम्हाला पाय आहेत.