गोलाईवर हलका पाय

मी जॉयस्टिक बोलतेय. शिलाईच्या टेबलावर खडू आणि कात्रीच्या मध्ये जी काळी दांडी उभी आहे ना, तीच मी. संगणकावरच्या, अंतराळातल्या लढाईच्या एका खेळात लोक माझ्या जोरावर यान उडवतात. मला जिकडे वाकवाल तिकडे यान वळतं. माझ्या बुडाशी डावीकडे आणखी एक छोटी दांडी आहे, वेगाची. ती पुढे ढकलली की यान सुसाट सुटतं. मला तोंड नाही, पण तळहात मला चांगले ओळखता येतात. आणि खरं सांगते, आजवर माझ्या वाट्याला आलेले बहुतेक तळहात घाबरलेलेच होते.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात स्प्रिंग बसवल्यावर तपासणाऱ्या बाईने मला चारही दिशांना वाकवून सोडून पाहिलं. मी दर वेळी मधोमध परत आले. “चांगली आहे,” ती म्हणाली आणि मला खोक्यात बंद केलं. अंधाराची भीती मला तिथेच बसली.

खोकं उघडलं ते या घरातल्या धाकट्याने. त्याचा हात फुलासारखा हलका. तीन बोटांत धरून तो मला असा फिरवायचा, की मलाच उडाल्यासारखं वाटायचं. पुढे त्याला लांबच्या खाणीत यंत्रं चालवायचं काम मिळालं. तो गेला आणि मी कपाटावर जाऊन पडले. गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली की माझी स्प्रिंग आतल्या आत आखडायची. आज माझा नंबर, असं वाटायचं.

धाकट्याचा फोन यायचा, पण त्यात काही नसायचं. त्याची आई विचारायची, “कसा आहेस रे?” तो म्हणायचा, “बरा आहे. जेवलो. ठेवतो.” फोन ठेवल्यावर ती माउली कितीतरी वेळ तो नुसताच हातात धरून बसायची. खाणीबद्दल तिने बाहेर काहीबाही ऐकलं होतं, आणि हा एक शब्द बोलायचा नाही.

एकदा त्याने थोरल्या भावाच्या बायकोला फोनवर सांगितलं, “वहिनी, रविवारी दुपारी आम्ही खाणीतले काही जण तो यानाचा खेळ खेळतो. मला जोडीदार नाही. माझी जुनी जॉयस्टिक आहे ना घरात? या की.”

वहिनी शिवणकाम करतात. शाळांचे गणवेश शिवून शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत. त्यांनी मला कपाटावरून उतरवलं, धूळ पुसली आणि पाण्यात बुडणारा माणूस दोर धरतो तशी मूठ आवळली!

पहिल्या दिवशी यान तळावरून उडतानाच त्यांनी ते तळाच्याच छताला धडकवलं. “अगंबाई!” म्हणून मला सोडूनच दिलं. हेडफोन त्यांना टोचायचे, म्हणून आवाज स्पीकरवर असे. धाकटा पलीकडून हसत सुटला. “वहिनी, अंतराळ एवढं मोठं, तुम्हाला छतच सापडलं?”

हळूहळू त्या शिकल्या. तळावर अलगद उतरायला शिकल्या. दिसेल त्याच्यावर गोळ्या उधळायच्या नाहीत, आधी निशाणा धरायचा, हे कळलं. पण लुटारूंची यानं पाठीशी लागली की सगळं शिकलेलं वाऱ्यावर जायचं. तळहाताला घाम फुटायचा आणि डावा हात वेगाची दांडी पार टोकापर्यंत ढकलायचा. सुसाट यान वळणार कसं? ते आपलं भलंमोठं वर्तुळ घेत राहायचं आणि लुटारू आरामात मागे येऊन बसायचा.

“वळा वहिनी, वळा!”

“वळतेय हो भाऊजी! वळतच नाही मेलं!”

वळता वळत नाही म्हणून त्या मग सरळ पळत सुटायच्या. धाकटा एकटा सापडायचा आणि त्याच्या यानाच्या ठिकऱ्या उडायच्या. चूक कुठे आहे ते फक्त मला माहीत होतं. वेगाची दांडी अर्ध्यावर आणली की यान जागच्या जागी वळतं. धाकट्याचा हात ते आपसूक करायचा, म्हणून सांगायचं त्याला सुचलंच नाही. पोहता येणाऱ्याला पाण्यात काय करतो ते कुठे सांगता येतं! आणि वहिनींचा डावा हात त्याला दिसत नव्हता. मी ओरडू शकले असते तर!

दर रविवारी दुपारी खोलीत आणखी कोणी असायचं, हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. त्याची आई. खाली चटईवर बसून ती गणवेशांना बटणं लावायची आणि ऐकायची. कारण खेळताना तो बोलायचा, अगदी मोकळा बोलायचा. मुकादम कसा घोरतो, डबा कसा बेचव असतो, सगळं. एकदा यान वळवता वळवता म्हणाला, “वहिनी, परवा वरून दगड आला. माझ्यापासून हातभर लांब पडला. रात्रभर पाय थरथरत होते.” चटईवरची सुई थांबली. माझ्यावरची मूठही थांबली.

त्या संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, “आई, तुम्ही असता ते सांगू का त्यांना?”

“खुळी की काय तू? सांगितलंस की परत सुरू होईल, बरा आहे, जेवलो, ठेवतो. बसू दे मला गुपचूप.”

मग तो रविवार आला. त्यांच्या तुकडीचा कप्तान म्हणजे खाणीची बस चालवून निवृत्त झालेला, सगळ्यांचा काका. तो सुरुवातीलाच म्हणाला, “ताई, राग मानू नका. जोडीदाराला टाकून पळायचं नाही, हा आपला एकच नियम. तुमचं हे सारखं होतंय. आज पळालात तर याला दुसरा जोडीदार देतो.”

“काका, शिकतायत त्या,” धाकटा म्हणाला.

“शिकू देत. पण तुझं यान फोडून किती दिवस शिकणार?”

वहिनींनी चटईकडे पाहिलं. सासूबाईंनी हातातलं बटण खाली ठेवलं होतं. जोडीदार बदलला की ही दुपार संपली, आणि पोराचा खरा आवाजही संपला. माझ्यावरचा तळहात बर्फासारखा गार झाला.

राखायचं मालवाहू यान मध्ये, धाकटा डावीकडे, वहिनी उजवीकडे. अर्ध्या वाटेत लुटारू आले. धाकट्याची ढाल पहिल्याच माऱ्यात गेली. “वहिनी, माझ्यामागे आहे तो! या लवकर!”

वहिनींनी मला खेचलं. डाव्या हाताने नेहमीसारखी दांडी टोकाला ढकलली. टेबलाखाली त्यांचा उजवा पायही शिलाई मशीनचं पॅडल असल्यासारखा जमीन दाबत होता. यान भलंमोठं वर्तुळ घेऊ लागलं. माझी स्प्रिंग करकरली. झालं, मला वाटलं, आता पळणार.

सासूबाई केव्हा उठून मागे उभ्या राहिल्या, कळलंच नाही. वहिनींना शिलाई त्यांनीच शिकवली होती. त्यांना ना यान कळत होतं ना लुटारू, पण तो रुतलेला पाय त्यांनी पाहिला आणि सगळं विसरून ओरडल्या, “अगं, गोलाई आली ना! पाय उचल! गळ्याच्या गोलाईवर कोणी मशीन पळवतं का?”

सवयच ती. वहिनींचा पाय उचलला गेला, आणि पायाबरोबर डावा हातही मागे आला. वेग अर्ध्यावर. यान कॉलरच्या टोकासारखं चटकन वळलं आणि लुटारू समोर आला. वहिनींनी तोफ डागली. समोरूनही मारा आला. लुटारू फुटला, वहिनींचं यानही फुटलं. पण धाकटा सुटला होता.

“पळाल्या नाहीत,” कप्तान हळूच म्हणाला. “जोडी राहू दे.”

धाकट्याने मात्र तो ओरडण्याचा आवाज ओळखला होता. तो म्हणाला, “आई?”

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“आई, तू होतीस? कधीपासून?”

“मी आपली बटणं लावत होते रे.”

“आई, मी बरा…” तो थांबला. माझ्या आतली प्रत्येक तार ताणली गेली. आता ‘ठेवतो’ म्हणेल, असंच वाटलं. “नाही गं. भीती वाटते. खाली उतरताना रोज वाटते.”

“वाटू दे की. मला इथे चटईवर बसून वाटते. पण सांगत जा. न सांगितलंस की दुप्पट वाटते.”

पुढे ती दोघं बोलत राहिली. वहिनी उठून पाणी प्यायला गेल्या. मी टेबलावर तशीच उभी, अंगावर घामाचा ओला ठसा घेऊन.

आता माझं रबर झिजलंय. स्प्रिंग ढिली झाली आहे. सोडलं तर मधोमध यायला मला वेळ लागतो. धाकटा नवी जॉयस्टिक पाठवतोय असं कानावर आलं, तेव्हा भंगारवाल्याची आरोळी मला पुन्हा, अगदी रात्रीसुद्धा, ऐकू यायला लागली. पण काल सासूबाई म्हणाल्या, “नवी आली की ही जुनी मला दे गं. मलाही बसव एकदा.” त्यांनी माझ्या मुठीला उरलेल्या गणवेशाच्या कापडाची खोळसुद्धा शिवली आहे. सुईत दोरा वहिनींनी ओवून दिला.

घाबरणाऱ्यांनो, एवढंच सांगते. भीती गेली नाही तरी चालेल, मूठ तेवढी सैल ठेवा. आणि मला कपाटावर नका टाकू.

बाकी बोलणं राहू दे आता. रविवारची दुपार झाली आहे, माझ्यावर एक सुरकुतलेला हात येऊन बसलाय, आणि स्पीकरमधून कोणीतरी हसत ओरडतंय, “आई, छत सांभाळ!”