खांबासाठी हेल्मेट

वडिलांना चेंडू लागल्याचं तिला नवऱ्याकडून कळलं. दारात बसून बूट काढता काढता तो म्हणाला, "तुझ्या बाबांना आज एक सणसणीत बसली. जबड्यावर." तिने हातातलं काम टाकून विचारलं, "कशी काय?" तेव्हा लेस सोडवत, मान वर न करता त्याने सांगून टाकलं, "मी मिट जरा खाली घेतला."

तिला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

तिचे वडील बेसबॉलचे पंच. लोक त्यांना खांब म्हणायचे, कारण फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटमागे एकदा उभे राहिले की प्रेक्षकांनी घसा फोडून शिव्या दिल्या तरी गडी जागचा हलत नसे. नवरा त्याच लीगमधला कॅचर, मित्रांचा झेल्या. सामन्यात मांडणी अशी व्हायची: समोरून पिचर जीव खाऊन चेंडू फेकणार, फलंदाजामागे तिचा नवरा उकिडवा बसणार आणि त्याच्या खांद्यावरून तिचा बाप वाकून बघणार. सासऱ्याच्या तोंडासमोर जावयाचा चामडी मिट, म्हणजे चेंडू झेलायचा जाड हातमोजा, आणि मिट चुकला तर एक जुनाट जाळीचा मास्क. त्याच्या आतल्या गाद्या दबून पार पापड झालेल्या.

दोघांचं वाकडं होतं ते निवडीच्या सामन्यापासून. मोठ्या संघाची माणसं झेल्याला बघायला आली होती. शेवटची फलंदाजी त्याची, आणि तिसरा चेंडू त्याने बाहेरचा समजून सोडला. खांबाने हात वर केला: चेंडू आत, तिसरा स्ट्राइक, बाद. मोठ्या संघाची माणसं चहा पिऊन निघून गेली. तेव्हापासून झेल्या म्हणायचा, "चेंडू बाहेर होता. लोकांनी जावयाला सांभाळलं म्हणू नये म्हणून म्हाताऱ्याने माझा गळा कापला." आणि खांब म्हणायचा, "कोपऱ्यावर होता." याउपर अक्षर नाही.

जबडा मोडला नव्हता. ती स्वतः दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिने बोटांनी चाचपून बघितलंच. पण त्या दिवसापासून वडील नळ सुरू ठेवून विसरायचे, खिडकीतून ऊन आलं की डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, डोक्याला असा आणखी एक फटका बसला तर परिणाम सांगता येणार नाही. म्हणून सुट्टीच्या सकाळी ती त्यांना जवळजवळ ओढतच खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. नवऱ्याने काय सांगितलं होतं, ते मात्र तिने पोटातच ठेवलं होतं.

"या पंचसाहेब," दुकानदाराने काउंटरवर एकेक मास्क मांडायला सुरुवात केली. "हा टायटॅनियमचा. उचलून बघा, पिसासारखा."

"पिसं पक्ष्यांना द्या," वडील म्हणाले. "हलका मास्क सगळा मार तोंडापर्यंत पोचवतो. वजन पाहिजे."

"मग हे घ्या ना." दुकानदाराने वरच्या फळीवरून काळं हेल्मेट काढलं. पुढे जाळी, कानांवर कवच, मागे मानेपर्यंत टणक पाठ. "बॅट निसटून डोक्यावर आली तरी काळजी नाही."

"बादली आहे ही."

"बाबा, घालून तर बघा."

"चेंडू उंच उडाला की मास्क एका हाताने उपटून बघता यायला हवा. ही बादली निघेपर्यंत लोक घरी जाऊन झोपतील."

दुकानदार हसला. ती हसली नाही. तिने हेल्मेट हिसकावल्यासारखं घेतलं, त्यांच्या डोक्यात घातलं, हनुवटी गादीत बसवली आणि मागचा पट्टा घट्ट ओढला. "मान हलवा. जोरात. डगमगतंय का?"

"गळफास लागलाय."

"दिसतंय नीट? खाली? बाजूला?"

"दिसतंय. ऐकू येत नाही. आत माझाच श्वास घरघरतोय. पंचाला चेंडू मिटमध्ये पडल्याचा आवाज यावा लागतो."

"मिटमध्ये पडू दिला तर ना!"

तोंडातून निघून गेलं. दुकानदाराला अचानक मागच्या खोलीतलं काहीतरी आठवलं आणि तो आत सटकला.

वडिलांनी सावकाश पट्टा सोडवला, हेल्मेट काउंटरवर ठेवलं. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

"मग मला काय नवीन सांगतेस? मी मागेच उभा होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चेंडू केसभर आत की बाहेर हे ज्याला दिसतं, त्याला ताटाएवढा मिट खाली जाताना दिसणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जावयाने माझं थोबाड फोडलं म्हणून बोंब मारू? लोकांना फुकटची करमणूक. आणि तुझा संसार?"

"माझ्या संसाराच्या आड लपू नका!"

"बरं, नाही लपत." सुजलेला गाल चोळत त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू सांग. त्याने तुला सांगितलं तेव्हा तू काय केलंस? गरम गरम वाढलंस ना?"

तिने वाढलं होतं. तो जेवताना समोर बसली होती, आणि नंतर त्याचं ताटही उचललं होतं.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "पुन्हा त्याच्याच मागे उभे राहणार होतात. तेही त्या फाटक्या मास्कमध्ये."

"हेल्मेट घातलं तर त्याला वाटेल म्हातारा घाबरला."

"एवढ्यासाठी? एवढ्यासाठी डोकं फोडून घेणार?"

"डोकं माझं आहे," असं म्हणून ते काही न घेताच बाहेर पडले. काचेचं दार मागे आपटलं.

दोघांचाही तिला सारखाच संताप आला होता. एकाला मारायचं होतं, दुसऱ्याला मार खाऊन दाखवायचं होतं, आणि निस्तरायला मधे ही. दुकानदाराने पडद्यामागून डोकं काढून विचारलं, "ताई, हेल्मेट बांधून देऊ?"

"नको," ती म्हणाली, आणि घरी न जाता सरळ लीगच्या ऑफिसात गेली.

पंचप्रमुख म्हणून तिथे एक जाडजूड, बसक्या आवाजाची बाई होती. तिनेही उमेदीची वर्षं प्लेटमागे काढली होती. नाकाचं हाड वाकडं बसलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही.

"हे नवऱ्यासमोर सांगशील?"

"सांगेन."

"त्यानंतर त्याच घरी जायचंय तुला."

"म्हणून तर आधी इथे आले. घरी गेले असते तर पुन्हा गिळून टाकलं असतं."

चौकशीला तिघांना एकाच टेबलाशी बसवलं. झेल्या हाताची घडी घालून म्हणाला, "सुटला चेंडू. कॅचरचे सुटतात." तिने ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला, जणू भर रस्त्यात कोणी मुस्काटात मारली होती. मग पंचप्रमुख बाईने खांबाला विचारलं. तिला खात्री होती की ते टाळतील, आठवत नाही म्हणतील, वर तिलाच खोटं पाडतील. वडिलांनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "मिट खाली गेला. मी बघितलं." विचारल्यावर दिसलं ते न सांगणं त्या माणसाला जमण्यातलं नव्हतं.

झेल्याला उरलेल्या हंगामाची बंदी झाली. घरी आल्यावर त्याने पिशवी कोपऱ्यात भिरकावली. "बापासाठी नवऱ्याला विकलंस."

"तू मला सांगितलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी टाळ्या वाजवीन?"

"त्याने माझं आयुष्य घालवलं, त्याचं काही नाही?"

"चेंडू बाहेर होता की आत, मला माहीत नाही. पण मिट तू खाली घेतलास, हे तूच मला सांगितलंस. हसत हसत."

त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. त्यानंतर घरात बोलणं उरलं ते गॅस संपलाय आणि किल्ली कुठे आहे एवढंच.

वडिलांनी तिचा फोन घेणं बंद केलं. पण पंचप्रमुख बाईने एक काम चोख केलं. लीगने मान्य केलेलं कवच डोक्यावर आणि तोंडावर असल्याखेरीज एकाही पंचाने प्लेटमागे उभं राहायचं नाही, असा हुकूमच काढला. नंतर दुकानदार तिला रस्त्यात भेटला तेव्हा कानाला हात लावून म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांनी अख्खी दुपार माझं रक्त आटवलं. एकूण एक मास्क घातला, एकूण एकाला नावं ठेवली. मला म्हणाले, चेंडू मार, बघू. मी मारला नाही, तर मलाही नावं ठेवली."

"मग घेतलं का काही?"

"घेतलं की. पण काय घेतलं ते तुम्हाला सांगायचं नाही म्हणालेत."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच्या पहिल्या सामन्याला ती न सांगताच गेली आणि कुंपणापाशी उभी राहिली. वडील कपडे करून आले. हातात पोकळ नव्हे, भरीव स्टीलचा जडशीळ मास्क, नव्या जाड गाद्यांचा, खाली गळ्यावर लोंबणारी पट्टी. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली डोक्याला मागपर्यंत धरून बसलेली एक टणक काळी वाटी. कान मात्र उघडेच. ती काही म्हणजे काही बोलणार नव्हती, पण राहवलं नाही.

"हेल्मेट का नाही घेतलंत?"

"कान मोकळे लागतात मला."

"आणि कानावर बसला तर?"

"बरंच होईल," खांबाने मास्क तोंडावर ओढला. "तुझं ऐकावं लागणार नाही."

आणि ते पाठ फिरवून प्लेटकडे चालू लागले. तिला इतका राग आला की तिथूनच निघून जावंसं वाटलं. पण तिने तसं केलं नाही. ती जाळीमागच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली, आणि पहिला चेंडू येताना तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.