खालचा खण

मित्रांनो, मी सागवानाचं कपाट आहे. कपड्यांचं नव्हे हं, शब्दांचं. धारवाडच्या चन्नवीरप्पा हलगेरी मास्तरांनी मला मुद्दाम करून घेतलं. चोवीस खण, प्रत्येकाला पितळी कडी.

मास्तर कन्नडचे मोठे पंडित आणि कवी, पण त्यांचा जीव खेडोपाडीच्या बोलण्यात. जुन्या लग्नपत्रिका कापून ते चिठ्ठ्या करायचे. कोऱ्या बाजूला शब्द, त्याचा अर्थ, आणि तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव-गाव. कविता सुचली तर तीही तिथंच, त्या शब्दाखाली. वेगळी वही त्यांनी कधी केलीच नाही. माझ्या वरच्या खणांत देव, आभाळ, फुलं, माणसं. मधे शेत नि गुरं. अगदी खाली चूल.

पहिली चिठ्ठी मला लख्ख आठवते. मास्तर जेवायला बसले होते. त्यांच्या बायकोनं, नीलव्वांनी, भाकरीचा गरम पापुद्रा ताटात टाकला आणि त्याला आपल्या माहेरचा शब्द वापरला. मास्तर उष्ट्या हातानं उठले.

"अहो, भाकरी निवतेय."

"निवू दे. पुन्हा म्हण बघू."

म्हातारपणी एकदा नीलव्वांनी त्यांना टोचलं, "साऱ्या जगावर कविता केल्यात. माझ्यावर एक ओळ तरी?"

"केलीय की. कपाटात आहे. शोध."

ही थट्टा अंगलट आली. त्याच वर्षी मास्तर गेले.

आता नीलव्वा रोज दुपारी एकेक खण मांडीवर घेऊन बसतात. चंद्र पाहून झाला, मोगरा झाला, 'बायको' तर तीनदा. मास्तरांचं अक्षर दिसलं की त्यावर नुसतं बोट फिरवत राहतात. ग्रंथालयाची माणसं मला न्यायला दोनदा आली. "सापडेपर्यंत हलवायचं नाही," म्हणाल्या.

माझा खालचा खण ओलीनं फुगून बसलाय. काल त्यांच्या लेकीनं, शैलानं, कडी ओढून पाहिली.

"अव्वा, हा हलत नाही. काय आहे यात?"

"चूल, राख, भाकरी. राहू दे गं. माझ्यावरची कविता तिथं कुठली असायला?"

पोटात इतके शब्द, पण मला एकही बोलता येत नाही. फार जीव तुटला.

मित्रांनो, जुन्या लाकडाला ऊन दाखवा, हे तर सगळेच सांगतात. माझं मागणं एवढंच आहे. नीलव्वा एक्क्याऐंशीच्या झाल्यात. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलं, तर जमिनीवर बसा आणि त्या खणाला दोन्ही हातांनी जोर लावा. पहिलीच चिठ्ठी आहे.