पाठमोरे आबा

बोचिया म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू पोचवायचा खेळ. त्यात रॅम्प, म्हणजे चेंडू सोडायची उतरती पन्हळ, धरणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं असतं. वळून पाहायची सक्त मनाई. दत्तोपंतांना हा नियम मनातून आवडायचा. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांच्या आड बसलेला माणूस. लोकांकडे पाठ करायला मिळते, हे त्यांना बरंच वाटे.

समोर फक्त नात, अदिती. तिचे हातपाय तिचं ऐकत नसत. कपाळाच्या पट्ट्याला लावलेल्या काठीने ती रॅम्पवरून चेंडू सोडायची, आणि ती सांगेल तसा आबा रॅम्प सरकवायचे. पांढऱ्या चेंडूजवळ कोण पोचलं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळे. दुखतंय, थकलीय, उगाच हसतेय. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून तो चेहरा त्यांना पाठ झाला होता. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्या दिवशी नागपुरात आशियाई पॅरा स्पर्धेसाठी निवड चालली होती. हा सामना जिंकेल तो परदेशी जाणार. अदिती एका गुणाने मागे, आणि शेवटचा चेंडू.

"आबा, उजवीकडे. अजून थोडं. बस!"

चेंडू घरंगळत गेला. मागे ठक्कन आवाज झाला आणि सगळा हॉल चिडीचूप.

अदितीचे डोळे विस्फारले. तोंड उघडंच राहिलं. मान ताठ, श्वास अडकलेला. हा चेहरा दत्तोपंतांनी कधीच पाहिला नव्हता. झटका आला पोरीला? की मागे काही भलतंच घडलं?

ते गर्रकन वळले.

समोरच्या खेळाडूचा निळा चेंडू पार लांब उडाला होता. अदितीचे दोन लाल चेंडू पांढऱ्याला बिलगून बसले होते. दोन गुण. आणि पंचांचा हात दंडासाठी वर गेला होता.

"पंत, काहून वळले गा!" बाहेरून प्रशिक्षक रुपराव ओरडले. "पोरगी जिंकून राहिली होती ना!"

"मला वाटलं..." दत्तोपंतांनी पुन्हा तिच्याकडे तोंड केलं. आनंद होता तो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोरीला असा आनंद झाला, आणि सख्ख्या आजोबाला वाटलं झटका आला.

समोरच्याला दंडाचा एक जादा चेंडू मिळाला. तो नेमका खुणेच्या चौकोनात थांबला, म्हणजे त्याला एक गुण. बरोबरी. आता आणखी एक फेरी.

दत्तोपंतांनी रॅम्पवरचे हात काढून घेतले. "अदिती, दुसऱ्या कुणाला बसव माझ्या जागी."

"गपा हो आबा. डोळे मिटा."

"डोळे मिटून रॅम्प कसा धरू?"

"हातांना माहीत आहे. मी मेले तरी उघडायचे नाहीत."

"काय बोलतेस वं!"

"मिटा म्हटलं ना."

त्यांनी मिटले. डावीकडे. वर. चेंडू द्या. अंधारात तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकामागून एक चेंडू गेले. मग ठक्. पुन्हा सगळं चिडीचूप. नंतर हॉलमध्ये एकच कल्लोळ. दत्तोपंत हलले नाहीत. मानेवर घामाची धार उतरली.

"उघडा."

तेच विस्फारलेले डोळे, तेच उघडं तोंड.

"जिंकलो का वं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"आता वळून पाहा ना आबा! आता चालतं."

रुपराव धावत येत होते. दत्तोपंत काही वळले नाहीत. तिच्या चेहऱ्याकडेच बघत बसले.