थोरल्याच्या खोडातली तपकिरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना गिरमिट आहे. सुताराचा नव्हे, माझं पोट पोकळ आहे. खोडात शिरलो की पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढतो आणि झाडाने आतल्या आत काय सोसलंय ते माणसाला दाखवतो.

पोलाद तापवून, पाणी देऊन मला घडवलं आणि मी उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहरात मुनव्वर-ओपाच्या, म्हणजे मुनव्वरताईच्या, पिशवीत आलो. ओपा शोभेच्या झाडांवर संशोधन करायची. कडक उन्हाळ्यात कोण टिकतं, धूळ कोण जास्त झेलतं, हे ती वहीत लिहायची. शहरातल्या रस्त्यांवर कुठली झाडं लावायची ते त्यावरून ठरणार होतं. माझंही कौतुक व्हायचं. मी जरा फुगलोच होतो म्हणा.

शाळेजवळच्या पाटाकाठी म्हाताऱ्या इसोमिद्दीन-ओताची, म्हणजे इसोमिद्दीनबाबांची, कैरागाच जातीची एकेचाळीस झाडं उभी होती. कातरल्यासारखं गोल डोकं आणि खाली दाट सावली. थोरलं झाड त्याच्या बापाने लावलेलं, बाकीची चाळीस त्याच झाडाची कलमं. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. ही झाडंच त्याची पोरं.

थोरल्याचा एक शेंडा वाळला होता, रोग असलाच तर माझ्यामुळे इतरांना लागू नये म्हणून ओपाने त्याला अगदी शेवटी ठेवलं होतं. दर झाडानंतर मला पुसायला तिने स्पिरिटची बाटली काढली.

"झाडांना दारू पाजतेस होय गं पोरी?" ओता हसला. "आणि धाकट्यांपासून कसली सुरुवात? आपल्यात थोरल्याला आधी विचारतात."

ओपाला म्हाताऱ्याचा शब्द मोडवेना. ती ओशाळली आणि बाटली पिशवीत परत गेली.

थोरल्याच्या काडीत तपकिरी रेघ निघाली.

"वय झालंय त्याचं," ओता म्हणाला. ओपाने मान डोलावली, मला ओढणीच्या टोकाला पुसल्यासारखं केलं आणि पुढच्या झाडाला लावलं. मग त्याच्या पुढच्या. रेघेचा चिकटा माझ्या आट्यांत बसला होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. चाळीस वेळा ओरडलो असतो.

पुढच्या जूनमध्ये आठ दिवसांत सगळ्या झाडांची पानं गुंडाळली गेली. ओपाने एकेक फांदी कापली. प्रत्येकीत तीच रेघ.

"ओता, हे माझ्या हातून झालं."

"थोरल्याला आधी, असं मीच म्हणालो ना? बाजूला हो आता. पाणी सोडायचंय."

करवतवाले येईपर्यंत म्हातारा रोज त्या वाळक्या खोडांना पाणी सोडत राहिला. माझ्याकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

त्यानंतर ओपा निवृत्त होईपर्यंत बाटली माझ्या गळ्यातच बांधलेली असायची. मग कुणीतरी ती सोडवून घेतली आणि मी कपाटात गंजत पडलो.

आज एका नव्या संशोधकाने मला उचललंय. पिशवीत वही आहे, दोरी आहे, दुपारची रोटी आहे. बाटलीची किणकिण काही ऐकू येत नाही. मित्रांनो, वाटेत भेटलात तर त्याला थांबवा हो. आधी मला पुसायला सांगा.

बागेतलं सगळ्यात जुनं झाड समोर आलंय. त्याचा एक शेंडा वाळलाय, आणि हा त्याच्यापासूनच सुरुवात करतोय.